काका, तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही अशी तुमची अट आहे, म्हणून नुसतं काका. ओळखणारे ओळखतीलच. ठाण्याच्या नौपाड्यात शर्टाच्या खिशाला अजून दोन पेनं लावून फिरणारी माणसं उरलीत तरी किती!

त्या दिवशी तुम्ही आमच्या छापखान्यात आलात ते नातवाच्या मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला. मार्चचा शेवटचा आठवडा होता, बिलबुकांची घाई चाललेली, आणि आमच्या तिन्ही कॉम्प्युटरवर कोरलची, म्हणजे ज्यात आम्ही डिझाइन करतो त्या सॉफ्टवेअरची, एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फाइलच्या नावाला कसलंतरी शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी: पैसे भरा, मग कुलूप काढू. ‘मॅटर पाठवलंय’ म्हणून आलेल्या एका मेलमधली अटॅचमेंट उघडली गेली होती. डीटीपीवाली मुलगी रडत होती. अप्पा, माझे सासरे, खुर्चीत गप्प बसले होते. मी तुम्हाला म्हणाले, “काका, तुमची पत्रिका गेली.” गिऱ्हाइकाला असं सांगायची वेळ आजवर कधी आली नव्हती. आता तुम्ही चिडणार म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही स्टूल ओढलंत आणि मुलीला म्हणालात, “आधी नेटची वायर काढ, बाळ. रडायचं नंतर बघू.”

फाइल कुणी उघडली, हे तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत, आणि नंतरही नाही.

आता मनातलं बोलते. आम्ही काही अगदीच गाफील नव्हतो, निदान आम्हाला तसं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आमच्या गळ्यात ‘क्लाउड बॅकअप’ बांधला होता, वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन. त्यांना फोन लावला तर म्हणाले, “मॅडम, सिंक तर चालूच आहे!” चालूच होतं हो. दुकानातल्या फाइलींना कुलूप लागत गेलं तसतसं त्या सिंकने तेच कुलूप इमानेइतबारे वर नेऊन तिथल्या फाइलींनाही लावलं. जुन्या प्रती मागितल्या तर कळलं, आमच्या प्लॅनमध्ये त्या ठेवतच नाहीत. मग निदान आमच्या खात्याचा पासवर्ड द्या म्हटलं, तर खातं त्यांच्याच नावावर. “पासवर्ड आम्हीच ठेवतो मॅडम, क्लायंट गोंधळ घालतात.” माल आमचा, भाडं आमचं, आणि गोदामाची किल्ली यांच्या कमरेला! बाहेरची हार्ड डिस्क होती, पण ती चोवीस तास कॉम्प्युटरला जोडलेली, त्यामुळे तीही गेली. दुसऱ्या एकांनी कोटेशन पाठवलं, ते वाचून अप्पा इतकंच म्हणाले, “एवढ्यात नवं कटिंग मशीन येईल.”

तुम्ही मात्र भलतंच विचारलंत. कुठे एखादा बंद पडलेला, टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर आहे का? माळ्यावर होता, २०१९ साली बदललेला. त्यावरची धूळ झटकताना तुम्ही मर्स्क कंपनीची गोष्ट सांगितलीत. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने त्या अवाढव्य जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पाडले. आपल्या न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. सगळ्या यंत्रणेचा नकाशा ज्यात असतो त्या सर्व्हरच्या प्रती होत्या पुष्कळ, पण त्या एकमेकींशी जोडलेल्या, म्हणून एकदमच पुसल्या गेल्या. एकच उरली, घानामधली. का, तर तिथली वीज नेमकी त्या वेळी गेली होती. ती लंडनला न्यायची, तर घानातल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एकाने नायजेरियापर्यंत जाऊन तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली. अप्पा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. म्हणाले, “म्हणजे आपला माळा हाच आपला घाना.”

माळ्यावरच्या डिस्कमधून २०१९ पर्यंतचं सगळं निघालं. पुढच्यातलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या प्रूफांतून मिळालं, काही मेलमधून, आणि उरलेलं त्या मुलीने छापील नमुने समोर ठेवून पुन्हा टाइप केलं. कुलूपवाल्यांना आम्ही एक रुपया दिला नाही.

नवी सेवा निवडायला तुम्ही चार संध्याकाळी आलात. ते सगळं इथे लिहीत नाही, पण तुम्ही प्रत्येक कंपनीला जे विचारायला लावलंत ते मात्र माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे. फाइल बिघडली हे आम्हाला महिन्याभराने कळलं तर तिची चांगली प्रत तुमच्याकडे असेल का? एकाने ‘तीस दिवसांची हिस्टरी’ मोठ्या तोऱ्यात सांगितली, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात की जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, तीस दिवसांत आमचं कसं भागायचं? सगळा डेटा एकदम परत मागितला तर किती दिवस लागतील, त्याचे वेगळे पैसे घेणार का? एक बिल चुकलं तर आमच्या फाइलींचं काय करणार? एकाने तर फोनच ठेवला. तुम्ही म्हणालात, “मिळालं उत्तर.”

आमच्याकडे ६४० जीबी होतं. केबलवाल्याचा प्लॅन कागदावर शंभर एमबीपीएसचा, पण वर चढवायचा वेग वीस. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलंत: तीन दिवस, तीन रात्री. मग गिऱ्हाइकांचे दोन-दोन तीन-तीन वेळा साठवलेले फोटो बाजूला काढून ते २१० जीबीवर आणलंत. शनिवारी संध्याकाळी लावलं ते रविवारी संध्याकाळी चढलं. अप्पांनी विचारलं, “पण ढगात म्हणजे नेमकं कुठे?” तुम्ही खाडीच्या दिशेने हात केलात. ऐरोली-महाप्याच्या बाजूला डेटा सेंटरच्या इमारती आहेत, आत नुसती मशिनं आणि एसी. आपलं तिथेच असेल असं नाही, पण ढग म्हणजे शेवटी अशी कुठलीतरी इमारत. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात हयात गेलेल्या माणसाला ते एकदम पटलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

पासवर्ड घालायची वेळ आली. तुम्ही सांगितलंत की फाइली दुकानातूनच कुलूपबंद होऊन वर जाणार आणि किल्ली फक्त आमच्याकडे राहणार. ती हरवली तर कंपनीलाही उघडता येणार नाही. मी म्हणाले, “काका, तुम्हीच घाला काहीतरी, मला कुठलं सुचतंय.” तुम्ही कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात, उठलात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. भिंतीवर कालनिर्णय होतं. त्याचं पान उलटून तुम्ही मागची पाककृती वाचायला लागलात, तीही मोठ्याने. किती वाट्या बेसन, किती चमचे तेल. मी टाइप करताना चुकले, पुन्हा घातला, पुन्हा चुकले. तुमची कृती फोडणीपर्यंत गेली. “झालं” म्हटल्यावरच तुम्ही वळलात. वळल्यावर म्हणालात, “मला माहीत नसलेलं बरं. उद्या मी नसलो तरी तुमचं अडायला नको.”

काका, त्या क्षणी मला रडू आलं, ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही चष्मा पुसत होतात. दोन वर्षं एक माणूस आमची किल्ली खिशात घालून आम्हाला ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणत होता. तुम्हाला मी ती किल्ली आपण होऊन देत होते, तर तुम्ही पाठ फिरवलीत. आमच्या धंद्यातही असलं असतं हो. गिऱ्हाइकाची डिझाइन फाइल दाबून ठेवायची, म्हणजे पुढची छपाई आपल्याकडेच. आम्हीही ते केलंय, खोटं कशाला बोलू! एप्रिलपासून मागेल त्याला फाइल देते. अप्पा जरा कुरकुरतात. पण जांभळी नाक्यावर माझा एक भाजीवाला आहे, तो चार पावलं मागे येऊन जादा गेलेले वीस रुपये परत देतो, आणि मी दहा वर्षं दुसऱ्याकडून भाजी घेतलेली नाही, हे मी त्यांना ऐकवते.

तो पासवर्ड दोन कागदांवर लिहिला. एक पाकीट अप्पांच्या एलआयसीच्या फाइलीत आहे, दुसरं माझ्या माहेरी, डोंबिवलीला. नवी हार्ड डिस्क शनिवारी जोडायची, काम झालं की काढून कळव्याला घरी न्यायची. दुकान तळमजल्यावर आहे, आणि पावसाळ्यात वंदना टॉकीजजवळ पाणी कसं भरतं ते तुम्हाला मी काय सांगू.

दर एक तारखेला एक फाइल परत उतरवून बघा, असं तुम्ही बजावलं होतं. पहिल्याच खेपेला मुलीने ती आपल्या घरच्या लॅपटॉपवर उघडली, तर सगळी अक्षरं गिचमीड! फाइल आली होती, श्रीलिपीचे, म्हणजे आमच्या मराठी टायपिंगचे, फॉन्ट आले नव्हते. फॉन्टचा फोल्डर आम्ही बॅकअपमध्ये घेतलाच नव्हता. आता घेतलाय. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही असे खूश झालात, जणू आम्ही बक्षीसच मिळवलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. उलट पत्रिकेचं बिल पूर्ण दिलंत, वर सुट्ट्यासाठी थांबला नाहीत. आज एक तारीख. आज उतरवायला मुलीने तुमच्या नातवाचीच पत्रिका निवडली. आली, जशीच्या तशी, अक्षर न अक्षर जागेवर.

तुमचे साठ रुपये गल्ल्यात वेगळे ठेवलेत. शिवाय पत्रिकेच्या वीस प्रती जादा निघाल्या होत्या, त्या काउंटरच्या डाव्या खणात आहेत. संध्याकाळी पिशवी घेऊन निघाल तेव्हा नेता का?