वाल्देमार्सचं नाव यायला हवं होतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बाल्टिक देशांवरचा लेख आवडला. पण लाटव्हियाची हकीगत त्यात थेट 1918 च्या स्वातंत्र्यापासून सुरू होते आणि एकोणिसाव्या शतकात लाटव्हियन लोकांना जागं करणाऱ्या क्रिश्यानिस वाल्देमार्सचं नावही येत नाही, याची चुटपुट लागली. आमची बोट रीगा बंदराला लागली होती तेव्हा ज्या मोठ्या रस्त्यावरून हिंडलो, त्याला याच माणसाचं नाव आहे. तेव्हापासून मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

कुर्लांडमधली, म्हणजे आजच्या लाटव्हियाच्या पश्चिम भागातली, वेठबिगारी 1817 मध्ये कायद्याने संपली, पण जमीन जर्मन जमीनदारांकडेच राहिली. कुळं मोकळी झाली ती रिकाम्या हाताने. लाटव्हियन लोक त्याला ‘पाखराचं स्वातंत्र्य’ म्हणतात. शिकून वर आलेला लाटव्हियन तर स्वतःला जर्मनच म्हणवून घेई. अशा काळात, 1854 मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा वाल्देमार्स आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेला आणि खोलीच्या दारावर त्याने आपलं कार्ड लावलं. त्यावर नाव, विषय आणि पुढे एक शब्द: ‘लाटव्हियन’.

त्याचं म्हणणं साधं होतं. जमीन मिळत नाही ना, मग समुद्राकडे वळा. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी पैसे गोळा करून स्वतःची जहाजं बांधावीत, पोरांनी कप्तान व्हावं. त्याच्याच प्रयत्नाने 1864 मध्ये ऐनाजी या किनाऱ्यावरच्या गावात नौकानयनाची शाळा निघाली. फी नाही, घराण्याची अट नाही आणि शिकवणं लाटव्हियन व एस्टोनियन भाषांत.

हे शेवटचं मला फार मोठं वाटतं. सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने सूर्याची उंची घेऊन जहाजाची जागा काढायचं गणित मी इंग्रजीतून घोकून शिकलो. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जायचं, आणि विचारायची लाज वाटायची. ऐनाजीच्या कोळ्याच्या पोराला तेच गणित दीडशे वर्षांपूर्वी घरच्या भाषेत मिळत होतं!

रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतून, पीटर्सबर्गहून, वाल्देमार्सने सहकाऱ्यांबरोबर लाटव्हियन वर्तमानपत्रही काढलं. जमीनदारांच्या विरोधापायी ते 1865 मध्ये बंद पडलं. ऐनाजीची शाळा मात्र पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत चालली; आता तिथे संग्रहालय आहे. लेखमालेच्या पुढच्या भागात या शाळेला आणि त्या कार्डाला जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी