नागीण गेली, आग राहिली

नागिणीचे फोड सुकले की घरचे निश्चिंत होतात. पण काही ज्येष्ठांना पुढे महिनोन्‌महिने अंगावरचा कपडाही सोसवत नाही. माझ्या आईची बरगडीखालची आग साध्या वेदनाशामक गोळ्यांना दाद देईना. वेदनातज्ज्ञांनी लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ५ टक्क्यांची पट्टी दिली. फोड पूर्ण बरे झाल्यावर १२ तास लावायची, पुढचे १२ तास काढून ठेवायची. बिघडलेल्या नसांचे संदेश ती जागच्या जागी दाबते, रक्तात औषध फार थोडे उतरते. आग पूर्ण गेली नाही. पण पदर खांद्यावर राहतो. अमेरिकेत या पट्टीला १९९९मध्येच मान्यता मिळाली. आपल्याकडे अजून गेरूचे लेप आणि ‘तोंड-शेपूट जुळले की माणूस संपला’ ही भीती! हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ही पट्टी लावण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे.

– एक वाचक, सातारा