सगळं काही ‘अ‍ॅडमिट’ झाल्यावरच!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चाळिशीनंतरच्या ताणतणावावर पानभर मजकूर होता. पहाटे पाचला उठा, अर्धा तास प्राणायाम करा, संध्याकाळी सातच्या आत जेवा, एखादा छंद जोपासा, मोबाइल बाजूला ठेवून घरच्यांशी बोला. सल्ल्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण मी ते पान वाचलं सोमवारी सकाळी, नाइट शिफ्ट करून घरी आल्यावर. पहाटे पाचला मी जागाच होतो, प्रेस मशीनपाशी.

वय एकोणपन्नास. नाशिकमध्ये सातपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. राहायला सिडकोत, फ्लॅटचे हप्ते अजून बरेच बाकी. मुलगी बारावीला, सोबत सीईटीचा क्लास, मुलगा आठवीत. बायको घरीच ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं करते, तिला थायरॉइड आहे. वडील, म्हणजे आमचे दादा, निफाड तालुक्यात गावी असतात. सदुसष्ट वर्षांचे, दीड एकर द्राक्षबाग, बीपी आणि दोन्ही गुडघे. आई नाही. मला शुगर. यात कौतुकाचं किंवा कीव करण्यासारखं काही नाही. आमच्या शॉपमधल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही गड्याला विचारा, नावं बदलतील, यादी जवळपास हीच निघेल.

मला म्हणायचंय ते एवढंच की, आपल्याकडे माणसाला जे आधार आहेत, विमा, रजा, सरकारी योजना, ते सगळे मोठ्या प्रसंगाची वाट बघत बसलेले असतात. माणूस दवाखान्यात दाखल झाला की यंत्रणा हलते, साहेब रजा देतात, नातेवाईक डबा घेऊन येतात. आमचा ताण दाखल होण्याच्या लायकीचा नसतो. तो दर महिन्याच्या गोळ्यांच्या पट्टीचा, दर आठवड्याच्या शिफ्टचा, दोन तासांच्या परवानगीचा असतो. त्याची नोंद करायला कुठल्याही फॉर्मवर रकाना नाही.

शुगरचंच घ्या. डॉक्टर म्हणतात, जेवणाच्या वेळा पाळा. माझी एक गोळी जेवणाआधी घ्यायची आहे. ती घेतली आणि जेवण लांबलं तर साखर खाली जाते, दरदरून घाम फुटतो, हात कापायला लागतात. घरी हे झालं तर माणूस गूळ खाऊन आडवा होतो. प्रेस शॉपमध्ये समोर दीडशे टनांच्या दाबाचं मशीन असतं. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. दर आठवड्याला पोटाचं घड्याळ नव्यानं लावायचं. डाय, म्हणजे साचा, अडकला, ब्रेकडाउन झालं, की जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे ढकलली जाते आणि गोळी तर आधीच पोटात गेलेली असते. म्हणून खिशात ग्लुकोजची बिस्किटं ठेवतो. शॉपमध्ये अशी खिशात बिस्किटं ठेवणारे किती जण आहेत ते मला माहीत आहे, कारण सुपरवायझरला कुणाचा खिसा का फुगलाय ते कळतं. ऑफिसला त्यातल्या कुणीच सांगितलेलं नाही. सांगितलं तर मशीनवरून काढतील, आणि मशीन गेलं की इन्सेन्टिव्ह गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ पर्यंत वाढेल, त्यालाही कामगाराची लेखी संमती लागेल, असं त्यात आहे. संमतीबद्दल सुपरवायझर म्हणून सांगतो: ज्याच्या घराचा हप्ता चालू आहे आणि पोरगी बारावीला आहे, तो ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही. सही करताना त्याला कुणी धाक दाखवावा लागत नाही, हप्त्याची तारीख पुरते.

आता ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, गंमत ऐका. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर कामगार ईएसआयमध्ये बसतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे, त्याआधी १५,००० होती. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते. म्हणजे २१,००० पगाराला माझ्या खिशातून जायचे साधारण १५८ रुपये. तेवढ्यात मी, बायको, पोरं आणि अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांची तपासणी, गोळ्या आणि वेळ आली तर दाखल होणंही. आजारी पडून घरी बसलो तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के पैसे. रांग मोठी असायची, कधी एखादी गोळी नसायची, ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकावं लागायचं, हे सगळं खरं. पण महिन्याची पट्टी हातात पडायची.

मग मला बढती मिळाली. पेढे वाटले. पगार मर्यादेच्या वर गेला, सप्टेंबरअखेर सहामाही संपली, वर्गणी थांबली आणि पुढे काही महिन्यांनी ईएसआयचं कार्डही संपलं. वाढलेल्या पगारातला मोठा हिस्सा आता मेडिकलवाल्याकडे आणि लॅबमध्ये जातो. तिशीत, धडधाकट असताना मी विम्यात होतो. शुगर निघाली, दादांचं बीपी वाढलं, बायकोचा थायरॉइड निघाला, तेव्हा बाहेर. मर्यादा ठरवणाऱ्यांनी पगाराचा आकडा पाहिला, त्या पगाराला पोहोचेपर्यंत माणसाचं वय काय होतं ते पाहिलं नाही.

कंपनीनं त्याऐवजी ग्रुप मेडिक्लेम दिलाय. त्यात आईवडील नाहीत, आणि चोवीस तास दाखल असल्याशिवाय सहसा काही मिळत नाही. शुगर आणि बीपी कधी चोवीस तास दाखल होतात? ते दाखल होतात तेव्हा त्यांचं नाव बदललेलं असतं: किडनी, अटॅक, पॅरालिसिस. दादांसाठी वेगळी पॉलिसी विचारायला गेलो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून निघालाय, त्यामुळे थोडी आशा होती. एजंट सज्जन निघाला, त्यानं खरं ते सांगितलं. आधीपासून बीपी आहे म्हटल्यावर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. तीन वर्षांनी दादा सत्तर पूर्ण करतील आणि ७० वरच्या सर्वांसाठीच्या आयुष्मान कार्डाला तसेही पात्र होतील. दोघंही हसलो. आज महात्मा फुले योजनेचा पाच लाखांचा आधार आहेच आणि त्याबद्दल मी सरकारचे मनापासून आभार मानतो. पण तीही पुन्हा दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी. दादांना रोज सकाळी लागणारी गोळी आणि तीन महिन्यांनी काढायचं रक्त यांच्यासाठी या कुठल्याच कार्डात जागा नाही.

ऑक्टोबर महिना आमच्याकडे कसा असतो ते सांगतो, म्हणजे ताण ताण म्हणतात तो कुठून येतो ते कळेल. बागेची गोडी छाटणी तेव्हाच. छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग पडतो आणि दादा गुडघे बांधून फवारणीला उभे राहतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. त्याच महिन्यात कंपनीत दिवाळीआधीचा डिस्पॅच, रविवारची सुट्टीही जाते. मुलीची सहामाही. बायकोकडे दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग, रात्री एकपर्यंत मशीन चालू. तिच्या पाठीचं आणि मध्यरात्री अंगातून निघणाऱ्या वाफांचं काय, हे घरात कुणी विचारत नाही, कारण ते विचारण्याइतका वेळ ज्याला आहे असा माणूस घरात नाही. पुरवणीतल्या सल्ल्यांत ‘पत्नीशी संवाद साधा’ असं होतं. आमचा संवाद होतो तो फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठ्यांमधून: दूध तापवलंय, क्लासची फी भरायची, दादांचा फोन येऊन गेला.

दादांना तपासायला न्यायचं तर मला पूर्ण रजा लागत नाही. लागतात दोन-तीन तास. पण आमच्याकडे रजा मिळते ती दिवसाच्या हिशेबात, तीही आधी कळवून. गेटपास मागितला तर कारण विचारतात. ‘वडिलांना दवाखान्यात न्यायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अ‍ॅडमिट केलंय का?’ नाही म्हटलं की पेन खाली ठेवतात. वीस दिवस काम केल्यावर एक भरपगारी रजा साठते. तीतून गणपती, लग्नं, दहावे आणि स्वतःचा ताप वजा करा. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची रजा आहे, राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १८०. चांगलंच आहे, मला त्याचा हेवा नाही. आसाम सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना आईवडिलांसोबत राहण्यासाठी दोन दिवसांची खास रजा दिली होती, तेही वाचलं. खासगी कारखान्यातल्या माणसाच्या म्हाताऱ्या बापासाठी मात्र तासाचीही तरतूद नाही. आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा म्हणतो की आईवडिलांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा योग्यच आहे. फक्त बापाला न सोडण्यासाठी लागणारा अर्धा दिवस तो कुठून आणायचा, ते सांगत नाही.

पुरुष ताणाबद्दल बोलत नाहीत, असंही आपल्या पानावर होतं. बोलतात हो. पण त्यांची भाषा पोटाची असते. आमच्या चहाच्या टपरीवर कुणालाच टेन्शन येत नाही, सगळ्यांना ‘गॅस’ होतो. झोप नाही, गॅस. धडधड, गॅस. माझ्या शेजारच्या लाइनवरच्या एकानं छातीतली कळ गॅस म्हणून दाबली, गुलाबी औषध पिऊन शिफ्ट पूर्ण केली आणि मग बायकोनं रिक्षात घातलं म्हणून वाचला, अँजिओप्लास्टीवर निभावलं. तेव्हा सगळं मिळालं त्याला. विमा, रजा, साहेबांची भेट, फळांची करंडी. त्याआधी वर्षभर तो बीपी तपासायला एक संध्याकाळ मोकळी मागत होता.

काही गोष्टी मात्र बरोबर बसतात, त्याही सांगायला हव्यात. शासनाच्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवलेली आहे. ज्यानं कुणी ती वेळ ठरवली, त्यानं कधीतरी फर्स्ट शिफ्ट केलेली असावी. कारखान्यातून सुटल्यावर, अंघोळ करून, रजा न घालवता माणूस तिथं जाऊ शकतो. अशी सोय औद्योगिक वसाहतीजवळ वाढवली आणि तिथं शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्या न चुकता ठेवल्या, तर चार शिबिरं आणि चाळीस बॅनरपेक्षा जास्त काम होईल. दुसरं, १४४१६. टेलि-मानस नावाची केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नाइटच्या सुट्टीत शेडमागे उभं राहून मी तो नंबर लावला होता. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही. झोप किती होते, जेवता कधी, घरात कुणाशी बोलता, एवढंच विचारलं आणि मला बोलू दिलं. हप्ता कमी झाला नाही, पण त्या आठवड्यात नीट झोपलो. रात्री तीनला उघडं असणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. ईएसआयची मर्यादा वाढवा. आणि ज्याची वर्गणी इतकी वर्षं गेली, तो पगारवाढीनं बाहेर पडत असेल तर स्वतः जास्त वर्गणी भरून आत राहण्याची मुभा त्याला द्या, मी उद्या भरायला तयार आहे. कारखान्यांत घरातल्या आजारी आणि वृद्धांसाठी महिन्याला काही तासांचा गेटपास हक्काचा करा, ‘अ‍ॅडमिट आहे का’ न विचारता मिळणारा. शिफ्ट दर आठवड्याला फिरवण्याऐवजी निदान शुगरवाल्यांची तरी महिनाभर एकच ठेवा. यात कंपनीचा तोटा किती, हे मी प्रॉडक्शनचा माणूस म्हणून सांगू शकतो: नियोजन करणाऱ्याची थोडी डोकेदुखी, बस्स.

आपल्याला एक विनंती. पुढच्या पुरवणीत नाशिकमधले संध्याकाळी आणि रविवारी चालू असणारे सरकारी व महापालिकेचे दवाखाने, त्यांच्या वेळा, तिथं कोणत्या तपासण्या होतात आणि जवळचं जनऔषधी केंद्र कोणतं, याची यादी छापा. प्राणायामाच्या चित्राएवढी जागा पुरेल. ते पान कापून आमच्या कॅन्टीनच्या नोटीस बोर्डावर लावायचं काम माझं.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. कारण आपण समजू शकता.)