आईच्या स्क्रूच्या ऑपरेशनबद्दल

प्रिय आई, बाबा,

फोनवर आई रडायला लागली की मला नीट काही सांगताच येत नाही आणि बाबा तुम्ही "बघू" म्हणून फोन ठेवता, म्हणून लिहून पाठवतेय, चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आई, पहिली गोष्ट, तुझं पोट फाडणार नाहीत. मामानं कुणाचं ऑपरेशन बघितलंय माहीत नाही, पण तुला सांगितलंय ते स्क्रूचं आहे, आणि पुण्यात थिएटरमध्ये सी-आर्म मशीन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं, मीच चालवते गं, या महिन्यात असल्या दोन केसना मी उभी होते.

न्हाणीत पडलीस तेव्हा हातातली बांगडी एकाच जागी तडकली नाही ना, तुकडे झाले. कंबरेच्या हाडांचं कडंपण तसंच, पुढं मोडलं की बहुतेक वेळा मागंही कुठंतरी मोडलेलं असतं. पहिल्या दवाखान्यात नुसता एक्सरे काढला, त्यात पुढचंच दिसलं आणि तीन आठवडे झोपून राहा म्हणाले, त्याचा मला अजून राग येतो, कारण तू पहिल्या दिवसापासून सांगत होतीस की माकडहाडाच्या वर दुखतंय. ठिसूळ हाडातली ही चीर साध्या एक्सरेत पटकन दिसत नाही, सीटीत सापडली.

आता करतात काय, तर कुल्ल्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा छेद घेतात आणि तिथून आधी एक बारीक तार घालतात, २.८ मिलिमीटरची, बाहेरच्या हाडातून आत मधल्या हाडात, त्याला सेक्रम म्हणतात. तार थोडी सरकली की सर्जन "शॉट" म्हणतात, मी मशीन कधी डोक्याकडं कधी पायाकडं झुकवून फोटो देते, एकात तार पुढं निघतेय की मागं ते कळतं, दुसऱ्यात नसा बाहेर पडतात ती हाडातली भोकं वाचली का ते, शिवाय तिसरा फोटो बाजूनं. तिन्हीत बरोबर दिसेपर्यंत तार पुढं जात नाही, तेव्हा थिएटरमध्ये कुणी बोलतसुद्धा नाही. मग त्याच तारेवरून पोकळ स्क्रू फिरवत नेतात, साधारण ७ मिलिमीटर जाड, त्याच्या डोक्याखाली वॉशर, चपटी चकती, म्हणजे पातळ हाडात डोकं रुतत नाही. हाड फारच ठिसूळ असेल तर लांब स्क्रू पार पलीकडच्या हाडापर्यंत नेतात. आणि चीर नसांच्या भोकातून गेली असेल तर करकचून आवळत नाहीत, नाहीतर नस चेपते, तुझ्या डॉक्टरांना बाबांनी हे जरूर विचारा.

धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. हाडाच्या पुढून पायाकडं जाणारी एक नस अगदी जवळ असते, तिला धक्का लागू शकतो, आणि ठिसूळ हाडात स्क्रू कधी कधी ढिला होतो. पण झोपून राहण्याचा धोका मला जास्त वाटतो आई, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो. शेजारच्या काकूंना तेलानं चोळू देऊ नकोस, कितीही मायेनं म्हणाल्या तरी.

पाय कधी टेकवायचा, किती भार द्यायचा ते सर्जन सांगतील तसंच, वॉकर मी घेऊन येतेय. यंदा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत जायचं नाही, नंदीध्वज टीव्हीवर बघू. बाबा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ती भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा, आणि आदल्या दिवशी तिला हरभऱ्याचं, वांग्याचं काही देऊ नका, पोटात गॅस धरला की मशीनवर हाड धूसर दिसतं. सीटीची सीडी फाईलमध्येच ठेवा.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतेय. तोपर्यंत आई, रोज दोन्ही पायांचे अंगठे वर ओढून बघ, किती वर जातात ते बाबा लिहून ठेवतील, शुद्धीवर आल्या आल्या डॉक्टर तुला हेच करायला सांगणार आहेत, पायाकडं जाणारी ती नस ठीक आहे का ते त्यावरून कळतं, आणि मी तिथंच शेजारी उभी असेन.

तुमची,
ताई