माशाच्या बेण्याची वंशावळ ठेवा: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरचा शेतकरी उसाचे बेणे घेताना ते कुठल्या प्लॉटातले, किती वर्षांचे, हे विचारल्याशिवाय कांडी लावत नाही. तोच शेतकरी शेततळ्यात रोहू माशाची बोटुकली (बोटभर पिल्ले) सोडतो, तेव्हा तिचे आईबाप कोण हे सांगणारे कुणी नसते. पुढे एरोमोनास जिवाणू लागतो. अंगावर लाल चट्टे उठतात, पोट फुगते, खवले उभे राहतात आणि तळ्यात प्रतिजैविके ओतली जातात.

भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या तज्ज्ञांसोबत रोहूची निवड पैदास (चांगले मासे निवडून पैदास) केली. त्यातून ‘जयंती रोहू’ आली. आधी निवड वाढीसाठी होती, नंतर एरोमोनासच्या प्रतिकारासाठीही झाली. रीत अशी: प्रत्येक जोडीची पिल्ले सुरुवातीला वेगळी वाढवायची, मग अंगात खुणेची चिप घालायची. प्रत्येक कुटुंबातल्या काही पिल्लांना बंदिस्त टाकीत जिवाणू टोचून किती तगतात ते मोजायचे. टोचलेले मासे पैदाशीला घ्यायचे नाहीत. जी कुटुंबे जास्त तगली, त्यांची न टोचलेली भावंडे घ्यायची.

असे बेणे इथे आणले तरी बीज केंद्रात काही पिढ्यांत बिघडते. मोठा मासा बाजारात जातो आणि उरलेला खुरटा प्रजनक (पैदाशीचा मासा) म्हणून राहतो, म्हणजे निवड उलटी होते. एकाच गोल टाकीत रोहू आणि कटला सोडले की संकर होतो. शिवाय मादी किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, त्यामुळे मोजकेच मासे ठेवण्याचा मोह होतो. २० माद्यांना ५ नर लावले तर वंशाच्या हिशेबाने ते फक्त १६ मासे ठरतात आणि दर पिढीला अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) ३ टक्क्यांहून जास्त वाढते. २५ माद्या आणि २५ नर ठेवले, तर ते १ टक्क्यावर येते. खर्च वाढतो तो २० जादा नरांच्या आणि ५ माद्यांच्या खाद्याचा.

म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात जयंती रोहूचे स्वतंत्र गुणन केंद्र (शुद्ध बेणे वाढवून पुरवणारे केंद्र) द्या. तिथे दुसरी जात नको, आणि प्रत्येक मत्स्यजिऱ्याच्या (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या) पिशवीसोबत प्रजनकांची नोंद असलेली चिठ्ठी हवी. जागा पूररेषेबाहेरच निवडा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या किती वर गेले, हे सगळ्यांनी पाहिले. प्रजनक तळ्यात एकदा पुराचे पाणी शिरले की वंशावळ संपली. रोहू प्रजननक्षम व्हायला साधारण दोन वर्षे लागतात, म्हणून एका वर्षाचा निधी इथे निरुपयोगी आहे. तीन पिढ्यांचा, म्हणजे किमान सहा वर्षांचा, एकदम मंजूर व्हावा.

मात्र ‘रोगमुक्त मासा’ अशी जाहिरात कृपया करू नका. अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागरात १९५७ मध्ये एमएसएक्स रोगाने कालवांचा (खाण्याच्या शिंपल्यांचा) फडशा पाडला. रटगर्स विद्यापीठाने तगलेल्या कालवांपासून प्रतिकारक वाण तयार केले, पण पुढे डर्मो हा दुसरा रोग आला तेव्हा ते वाण त्यापुढे टिकले नाहीत आणि त्यासाठी निवड वेगळी करावी लागली. रोहूचेही तसेच आहे. हिवाळ्यातला व्रणांचा रोग वेगळ्या, बुरशीसारख्या जंतूचा असतो, आणि माशाची ऊ तर त्याहून वेगळी. चुना, पाण्याची तपासणी आणि विरळ साठवणूक यांपासून सुटका नाही.

प्रजनन जूनच्या पावसाबरोबर सुरू होते आणि त्याआधी तीन-चार महिने प्रजनकांना चांगले खाद्य देऊन तयार करावे लागते. तेव्हा निर्णय जानेवारीपर्यंत व्हावा, नाहीतर पुढचा हंगामही गेला.

आपले नम्र,
कोल्हापूर जिल्ह्यातील मत्स्यशेतकरी आणि मत्स्यबीज उत्पादक