आई-बाबांना, नव्या नोकरीबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आईला निम्मं ऐकू येत नाही आणि बाबा "बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडे देऊन मोकळे होतात. म्हणून लिहितेय. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तिला लगेच कळतं.

मी जुनी नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झाला आणि नव्या ठिकाणी रुजूही झाले. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही काळजीनं नको म्हणाला असतात आणि तुमचं नको मला मोडवलं नसतं. गाड्यांचे गिअर सोडून आता मी माणसाच्या शरीरात बसवायच्या वस्तू करते: खुब्याचे कप (म्हणजे सांध्यातली वाटी), गुडघ्याचे भाग, मणक्यांमध्ये बसवायचे तुकडे, जबड्याच्या पट्ट्या. माझा विभाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचा.

बाबा, आता तुमच्या कपाळावर आठी पडली असणार. धातूच्या अख्ख्या गोळ्यातून लेथवर कोरून काढलेला जॉबच खरा, थरावर थर रचलेल्या धातूचा काय भरवसा, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. उलट तुमचा हाच प्रश्न घेऊन मी मुलाखतीला गेले होते आणि त्याची उत्तरं मिळाली म्हणूनच हो म्हटलं. ती उत्तरं तुम्हालाही सांगते.

आमची टायटॅनियमची पावडर इतकी बारीक असते की एकेक कण 15 ते 45 मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). मशीन तिचा 30 ते 60 मायक्रॉनचा थर पसरतं, लेझर हवी तेवढीच जागा वितळवतो, प्लेट तेवढीच खाली जाते आणि पुढचा थर येतो. हे तासन्‌तास चालतं, कधी एक प्लेट पुरी व्हायला दिवसाहून जास्त लागतो. आत आर्गॉन भरलेला असतो, कारण तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं. प्लेट वर येते तेव्हा नुसता करड्या पावडरीचा ढिगारा दिसतो. हातमोज्यांच्या खिडकीतून हात घालून ब्रशनं पावडर बाजूला करत गेलं की एकेक कप उघडा पडतो. पहिल्यांदा मी तो काढला तेव्हा तुम्हीच आठवलात. लेथवरून उतरवलेला गरम जॉब मला हातात घ्यायचा असायचा आणि तुम्ही तो चिंध्यांत धरून फक्त दाखवायचात. तेव्हा तुमच्या बोटांना येणारा, जॉब गार ठेवणाऱ्या कुलंटचा वास मला घरच्या सगळ्या वासांत जास्त आवडायचा. आईला नाही आवडायचा, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या कपाच्या बाहेरच्या अंगाला स्पंजासारखी जाळी असते. साधारण अर्ध्या मिलिमीटरची भोकं, एकात एक गुंतलेली. हाड त्या भोकांत वाढतं आणि सांध्याला आतून धरतं. टायटॅनियमशी हाड असं जुळतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकांना 1950 च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं आणि 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे रोपण बसवले. म्हणजे ही समज जुनीच. पण अशी जाळी कुठलीही टूल बिट आत शिरून कोरू शकत नाही. पूर्वी कपावर मणी चिकटवून किंवा लेप फवारून खडबडीतपणा आणायचे. आता जाळी आणि कप एकाच धातूत, एकाच वेळी तयार होतात, मध्ये जोड कुठेच नाही. युरोपात असे खुब्याचे कप 2007 पासून रुग्णांना बसवले जात आहेत. आत्याच्या खुब्याचा सांधा सैल झाला म्हणून दुसरं ऑपरेशन झालं, ते आपल्याला माहीत आहे. या तंत्रानं तिचं ते टळलं असतं असं मी म्हणणार नाही, तेवढं मला कळतं. पण सैल होणाऱ्या सांध्याच्या प्रश्नावर काम करायची संधी समोर असताना मला गिअर करत बसवेना.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या जाळीत मापाचं व्हर्निअर जात नाही, भोक तपासायचं गो-नोगो गेज जात नाही, मग माल पास कसा करायचा? कापून पाहिला तर वापरता येत नाही. म्हणून या धंद्याचा नियमच असा आहे की जे शेवटी तपासता येत नाही, त्याची कृतीच आधी सिद्ध करून दाखवायची. आयएसओ 13485 या आंतरराष्ट्रीय मानकात ते स्वच्छ लिहिलेलं आहे. मशीन नीट बसवलं का, हद्दीच्या दोन्ही टोकांना माल चांगला येतो का, रोजच्या चालीत पुन्हा पुन्हा तसाच येतो का, हे सगळं आधी कागदावर सिद्ध करायचं आणि मगच पहिला कप रुग्णासाठी करायचा. लेझरची ताकद, थराची जाडी, काहीही बदललं तर ते पुन्हा तपासायचं.

प्लेटवर कपांच्या शेजारी चाचणीचे दांडे प्रिंट होतात. ते ओढून, तोडून ताकद मोजतात. दांडा नापास तर त्याच्यावरून अख्खी प्लेट अडते. पावडर चाळून पुन्हा वापरतात, पण दर वापराला तिच्यात ऑक्सिजन चढत जातो आणि आम्ही वापरतो त्या जातीच्या टायटॅनियमला त्याची मर्यादा 0.13 टक्के आहे. म्हणून पावडरीच्या प्रत्येक डब्याची जन्मकुंडली ठेवतो. माल सुटा करण्याआधी भट्टीत ताण काढतात, मग वायरकटनं (विजेच्या तारेनं कापणाऱ्या मशीननं) प्लेटवरून सोडवतात, मग सुमारे 920 अंशांना हवेच्या जवळजवळ हजारपट दाबाखाली ठेवतात, म्हणजे आतली बारीक पोकळीही मिटते. शेवटी सीटी स्कॅन. हो बाबा, माणसाचा काढतात तसाच, कपाचा! जाळीत पावडरीचा कण अडकून राहिला तर तो उद्या कुणाच्या तरी शरीरात सुटेल, म्हणून सफाईचं काम मला सगळ्यात जबाबदारीचं वाटतं. ते मी मागून घेतलंय.

आणि तुमचा हातखंडा संपला असं मनात आणू नका. कप जिथे दुसऱ्या भागाला बसतो ती जागा, आटे, खाचा हे सगळं अजून पाच अक्षांच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर होतं, कारण प्रिंटमधून आलेला पृष्ठभाग त्या कामाला चालत नाही. गुडघ्यात मांडीच्या हाडाकडचा भाग बहुतेक वेळा अजूनही कोबाल्ट-क्रोमचा ओतीव असतो आणि घासून, पॉलिश करून आरशासारखा करतात. त्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ आहेत, कडेला राहिलेली धातूची बारीक बर नुसत्या बोटानं ओळखतात. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापाशी जाऊन बसते. रोबोट पॉलिश करू लागलेत, मान्य आहे, पण त्या रोबोटला हात कसा फिरवायचा ते अशाच माणसांकडून घ्यावं लागतं. तरुण मुलांना मात्र आता स्कॅन वाचता यायला हवा आणि ते शिकवायला कारखान्यांनी वेळ द्यायला हवा. तो पुरेसा दिला जात नाही, हे मला मनापासून खटकतं.

हातानं केलेल्या वस्तूनं जीव वाचतो हे तर मी कधीच नाकारणार नाही. 1958 मध्ये स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो एल्मक्विस्ट नावाच्या अभियंत्यानं बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून राळेत ओतला होता. तो काही तासांतच बंद पडला, पण ज्यांना बसवला ते आर्ने लार्सन पुढे एकामागून एक नवे पेसमेकर बदलत 2001 पर्यंत जगले. आज हृदयापर्यंत तारा न लागणारा पेसमेकर जेमतेम 2 ग्रॅमचा आहे, मांडीच्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवतात. कारखान्यात त्याचे भाग जोडताना हात नुसता थरथरला तरी चालत नाही, म्हणून तिथे कॅमेरा आणि मशीन लागतं.

कॅमेऱ्यावर किती विसंबायचं हेही तुम्ही विचाराल. आमच्याकडे पृष्ठभागाचे फोटो संगणक पाहतो आणि संशयास्पद माल बाजूला काढतो. थकत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण संगणकाला त्याच्या शब्दावर सोडत नाहीत. 1985 ते 1987 मध्ये थेरॅक-25 या किरणोपचाराच्या मशीननं सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, कारण जुन्या मशीनमधली यांत्रिक कुलपं काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. ही गोष्ट आजही या क्षेत्रातल्या नव्या माणसांना सांगतात. बॅच सोडण्याच्या कागदावर सही माणसाचीच असते. मालाचा प्रवास नोंदवणारं रूट कार्ड कागदाचं न राहता पडद्यावर आलंय एवढंच. कोणी, कधी, कुठल्या मशीनवर काय केलं ते त्यात पुसता येत नाही.

परवा एका जबड्याची पट्टी केली. रुग्णाच्या स्कॅनवरून आखलेली, त्या एकाच माणसासाठी. ड्रॉइंगवर नाव नसतं, फक्त क्रमांक. हनुवटीकडे तिला थोडा बाक होता, डावीकडे जास्त. मी ती धुतली, वाळवली, पुन्हा वजन केलं आणि पुढे दिली. कोण असेल, बाई की पुरुष, मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी मी खूप वेळ हसत होते, शेजारची विचारायला लागली काय झालं म्हणून.

आई, आता तुझ्यासाठी. पावडर पेट घेऊ शकते असं बाबा सांगतीलच, म्हणून मीच आधी सांगते. ते खरं आहे आणि म्हणूनच ती उघड्यावर कधी नसते. बंद कक्षात, आर्गॉनमध्ये, आमच्या पायात स्थिर वीज जमिनीत सोडणारे बूट आणि तोंडावर श्वसनाचा मास्क. पॅकिंगच्या स्वच्छ खोलीत जाताना टोपीपासून बुटांपर्यंत सगळं झाकून घ्यावं लागतं. तू दिलेली अंगठी लॉकरमध्ये ठेवते आणि बाहेर पडताना आधी ती घालते. पाळी दिवसाची आहे. जेवण वेळेवर होतं, गरम होतं. खोलीला मोठी खिडकी आहे, सकाळी ऊन येतं, गादी मऊ आहे, झोप छान लागते. पगार आत्ता थोडा कमी आहे, वर्षभरात भरून निघेल, तुमच्या औषधपाण्याला तिळभर फरक पडणार नाही. उगाच काटकसर सुरू करू नका.

आणि तू थ्रीडी प्रिंटिंगला घाबरायचं कारण नाही, कारण ते तुझ्या कानात आहे. तुझ्या कानाचा ठसा घेतला होता ना, तो स्कॅन करून त्यावरून तुझ्या ऐकायच्या यंत्राचं कवच प्रिंट केलंय. कानात बसणाऱ्या यंत्रांची कवचं आता जवळजवळ सगळी अशीच होतात. ते फक्त तुझ्या कानासाठी बनलंय, डब्यात ठेवायला नाही. दिवसभर घालायचं, डोक्यावरून पाणी घेताना तेवढं काढायचं, रात्री छोट्या ब्रशनं मळ काढायचा. बाबांची बडबड ऐकू येते म्हणून काढून ठेवतेस, ते मला माहीत आहे. बाबांनाच हळू बोलायला सांग.

बाबा, तुमचा गुडघा. जिना उतरताना तुम्ही कठड्याला धरून एकेक पायरी घेता आणि आम्ही पाहिलं की फोन आल्यासारखं थांबता. मी गेल्या खेपेला काही बोलले नाही. आता बोलते. पुढच्या महिन्यात मी येते तेव्हा आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, वेळ मी घेतली आहे. ऑपरेशन लागेलच असं नाही, व्यायाम आणि वजनावर भागत असेल तर उत्तमच. लागलं, तर माझ्या कारखान्याचाच सांधा घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही, प्रिंट केलेलाच हवा असंही नाही. हाडाच्या सिमेंटनं बसवलेले गुडघे वर्षानुवर्षं चांगले टिकतात. स्वीडननं गुडघ्यांची नोंदवही 1975 पासून ठेवली आहे, कुठला सांधा किती टिकला ते अशा नोंदींतूनच कळतं आणि नव्या तंत्रालाही तिथेच उत्तीर्ण व्हावं लागतं. तुमच्या हाडाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त तिथे "काही विशेष नाही" असं सांगायचं नाही. आई बरोबर असेल, ती खरं सांगेल.

तोपर्यंत मांडीचा व्यायाम रोज, दोन्ही वेळा. दुखण्याची गोळी मनानं वाढवायची नाही. माळ्यावर चढायचं नाही, काय हवं ते दादाला सांगा. जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि आत्ता चालू असलेल्या औषधांची यादी एका पिशवीत काढून ठेवा, आईच्या कपाटात वरच्या खणात आहेत. कुठलं सापडलं नाही तर मला लगेच कळवा, माझ्याकडे फोटो आहेत.

तुमची,
धाकटी