अंगठे धरायची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिमोत्तानासनात (पाय पुढे पसरून बसून, खाली वाकत पायांचे अंगठे धरायचे आसन) कपाळ गुडघ्यांना टेकलेच पाहिजे, या समजापायी अनेकजण कंबर दुखावून घेतात. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की कटीभाग पुढे कलत नाही. सगळा वाक कमरेच्या मणक्यांत येतो आणि त्यांमधल्या चकत्यांवर दाब पडतो. बैठकीखाली ५ ते ८ सेंटीमीटर जाडीची चादरीची घडी घ्या, गुडघे थोडे दुमडा, श्वास सोडत खुब्यातून वाका आणि ५-६ संथ श्वास तिथेच थांबा. मांडीच्या मागच्या बाजूला, मध्यावर ताण जाणवला तर ठीक. पायात मुंग्या आल्या तर लगेच सैल व्हा.

प्राणायामाने रक्तात भरपूर जादा ऑक्सिजन जातो, हेही खरे नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतल्या रक्तातले हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेणारे द्रव्य) एरवीच ऑक्सिजनने ९५ टक्के किंवा अधिक भरलेले असते. लाभ होतो तो श्वास संथ होण्याचा. मिनिटाला सुमारे ६ श्वास घेतले की मन निवते, रक्तदाब थोडा उतरतो. थोडाच, गोळ्या परस्पर बंद करू नयेत!

काचबिंदू असल्यास शीर्षासन, गरोदरपणात वा हर्नियात कपालभाती (पोट झटक्याने आत घेत श्वास सोडण्याची क्रिया) टाळावी. वर्गात पहिल्याच दिवशी ही विचारपूस व्हायलाच हवी.

आपले,
काही योगशिक्षक